खांद्यावरून मागे एक नजर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा संपली त्याच संध्याकाळी, आमच्या घरात एक ठराव मांडला गेला. मांडणारी माझी नात. अनुमोदन द्यायला कुणी नाही आणि विरोधात तिची आई. ठराव असा, की जूनपासून, म्हणजे सातवीत गेल्यावर, रिक्षाकाकांच्या रिक्षात दाटीवाटीने न बसता शाळेला सायकलने जायचं. सहकारनगरातून टिळक रस्ता, म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटर. वर्गातल्या दोन मुली येतात, मग मी का नाही, हा तिचा मुद्दा. "त्यांच्या आयांना झोप लागत असेल, मला लागणार नाही," हा सूनबाईंचा. चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मीही तटस्थच राहणार होतो. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तटस्थ राहायला शिकवावं लागत नाही. 'प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवलं आहे' एवढं म्हटलं की भागतं. पण त्या दिवशी वरिष्ठ कार्यालय म्हणून दोघींनी माझ्याकडेच पाहिलं.

"आबा, तू पण सायकलनेच जायचास ना शाळेत?"

"बाबा, तेव्हाचं पुणं वेगळं होतं हे तुम्हीच सांगा तिला."

दोघींचंही खरं होतं, आणि पंचाईत तीच होती.

मी सायकल शिकलो १९६९ साली. चौकातल्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणलेली, माझ्यापेक्षा उंच, काळी सायकल. सीटवर बसून पाय पुरत नसल्यामुळे मधल्या दांडीच्या खालून पाय घालून अर्धं अर्धं पायडल मारत शिकायचं. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत आणि ते कौतुकापुरतं नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. हँडलला महापालिकेचा कराचा बिल्ला असे. रात्री दिवा नसला किंवा कॅरिअरवर कुणी बसलेलं असलं, की पोलीस शिट्टी मारून थांबवायचा आणि दंड घ्यायचा, किंवा सरळ चाकातली हवा सोडायचा. डबलसीट पकडल्यावर मागचा कसा पळाला, याच्या कथा माझ्या पिढीतल्या प्रत्येकाकडे असतील. १९७२च्या सुमारास लूना आली, मग स्कूटर, मग मोटरसायकली, आणि बघता बघता सायकली रस्त्याच्या कडेला, तिथून जिन्याखाली आणि जिन्याखालून भंगारात गेल्या.

पण एक गोष्ट नातीने विचारल्यावरच माझ्या लक्षात आली. मला रहदारीत सायकल चालवायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. तोल आला की सायकल आली, अशी आमची समजूत. ती तेव्हा चालून गेली, कारण आजूबाजूची रहदारी म्हणजे दुसऱ्या सायकलीच. धडक झालीच तर हँडल वाकडं व्हायचं. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून सरळ करायचं, एकमेकांना 'डोळे फुटले का' म्हणायचं आणि निघायचं. चूक स्वस्तात पडायची. आज ती स्वस्तात पडत नाही, हे सूनबाईंचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

खरं तर ते मला त्यांच्याही आधीपासून ठाऊक होतं. त्याबद्दल मी घरात कधी बोललो नव्हतो. १९९१ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तिथे एक शिपाई होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्या काळी कर्मचाऱ्यांना सायकलसाठी अ‍ॅडव्हान्स मिळायचा, पगारातून हप्ते कापून घ्यायचे. मामांचा अर्ज मीच मंजूर केला होता. हिरवी, डायनॅमोचा दिवा असलेली सायकल त्यांनी घेतली आणि शाखेत पेढे वाटले. पाच-सहा महिन्यांनी डाक घेऊन जाताना चौकात उसाचा ट्रक उभा होता. त्याच्या डाव्या अंगाला सायकल जाईल एवढी फट होती. मामा त्या फटीतून पुढे निघाले आणि ट्रक डावीकडे वळला. पंचनाम्यात लिहिलं होतं की सायकलस्वार ट्रकच्या मागील चाकाखाली आला. जणू मामाच चालत जाऊन त्या चाकाखाली शिरले. उरलेल्या हप्त्यांची नोंद बंद करायचं व्हाउचर मला करावं लागलं. आपण सगळे म्हणतो तसं मीही नशीब म्हणालो आणि पुढची बरीच वर्षं तेच म्हणत राहिलो.

नशिबाचा त्यात किती भाग होता हे मला कळलं ते २०१८ साली, आणि तेही परदेशात. माझी मुलगी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन गावी असते. तिथे मराठी मंडळी बरीच आहेत. गणपतीत आरतीला कमी पडणार नाहीत इतकी. दीड महिना तिच्याकडे होतो. पहिल्याच दिवशी लालसर रंगाच्या गुळगुळीत पट्ट्यावरून मजेत फिरायला निघालो, तर मागून घंट्यांचा असा गजर झाला की मला देवळात आल्यासारखं वाटलं. तो सायकलमार्ग होता, आणि त्यावर चालणारा मी तिथल्या लोकांच्या दृष्टीने रेल्वेच्या रुळांवर फिरायला निघालेला माणूस होतो. मुलीने मग एक सायकल दिली. दुसऱ्या दिवशी हात न दाखवता वळलो, तेव्हा मागून येणाऱ्या, माझ्याहून वयाने मोठ्या बाई डच भाषेत काहीतरी बोलल्या. भाषा कळली नाही, पण सूर आमच्या सदाशिव पेठेतला होता.

तर तिथे एका शाळेच्या आवारात मी एक प्रकार पाहिला. खराखुरा मोठा ट्रक आणून उभा केला होता. त्याच्या बाजूला आणि पुढे जमिनीवर रंगीत कापड अंथरलेलं, त्यावर वर्गातली मुलं उभी. मग एकेका मुलाला चालकाच्या जागेवर बसवून विचारायचं, तुझे मित्र दिसतात का? दिसत नाहीत. अख्खा वर्ग आरशातून गायब! चालकाच्या बैठकीपासून दूरच्या अंगाला, अगदी लगतची जागा त्याला दिसतच नाही. आणि लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. म्हणजे पुढचं चाक आपल्यापासून चांगलं लांब आहे म्हणून निर्धास्त उभं राहिलेल्याला मागचं चाक गाठतं. मी त्या कुंपणाशी उभा राहून मामांचा चौक डोळ्यांपुढे आणला. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, आपल्याकडे डावीकडून, म्हणून आपल्याकडे ती आंधळी जागा डावीकडे. नेमकी तीच, जिथली फट सायकलवाल्याला खुणावते. हे दहा मिनिटांत समजावून सांगता येण्यासारखं होतं. मला ते कळायला सत्तावीस वर्षं लागली.

हॉलंडमधले लोक जन्मतःच शहाणे असतात असं कुणी समजू नये. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकली कमी होत होत्या. मग आईबाप रस्त्यावर उतरले. ज्याची स्वतःची मुलगी गेली होती अशा एका पत्रकाराच्या लेखाच्या शीर्षकावरून चळवळीला नाव पडलं, 'बालहत्या थांबवा'. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांना हात दिला. आज आपण पाहतो ते वेगळे मार्ग, वेगळे सिग्नल हे बरंचसं त्यानंतरचं. आणि मार्ग बांधून ते थांबले नाहीत. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत, अकरा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतुकीची परीक्षा घेतात. अनेक गावांत लेखी झाल्यावर प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. छातीवर नंबर लावलेली पोरं गावातून ठरलेल्या वाटेने जातात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असलेले स्वयंसेवक कागदावर खुणा करतात.

एप्रिलच्या त्या संध्याकाळी मी माझा निर्णय दिला तो यावरूनच. ठराव मंजूर, पण अटींवर. दोन महिने शिकायचं, जूनमध्ये परीक्षा, आणि परीक्षक आई. सूनबाईंना हे अपेक्षित नव्हतं. मी पास केलं असतं तर त्यांनी मानलं नसतं, म्हणून पेनच त्यांच्या हाती दिलं.

सकाळी सहाला आम्ही जवळच्या मैदानावर जायचो. निघण्याआधी हवा, ब्रेक, चेन. टायर अंगठ्याने दाबून बघायचं, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची, चेन लोंबत नाही ना बघायचं. सीटची उंची अशी, की टाच खालच्या पायडलवर टेकवली तर पाय सरळ व्हावा. घरोघरी मुलांच्या सीटा इतक्या खाली असतात की गुडघे हनुवटीला लागतात. जमिनीला दोन्ही पाय टेकले म्हणजे सुरक्षित, अशी आयांची समजूत असते. त्याने ताकद वाया जाते आणि सायकल डुगडुगते. ब्रेक दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू वाढवत. नुसता पुढचाच करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो आणि नुसत्या मागच्याने सायकल लवकर थांबत नाही. ताशी पंधरा किलोमीटर हा काही वेग नव्हे, पण त्या वेगाने सायकल एका सेकंदाला चार मीटर जाते. 'अरे, कुत्रं आलं' असं मनात येऊन बोटं आवळेपर्यंत तो सेकंद जातो. मी खडूने चार मीटर आखून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "आबा, हे तर आपल्या हॉलएवढं आहे!"

यानंतर खरा अभ्यास, मागे बघण्याचा. मैदानावर खडूची लांब रेघ मारली. तिने रेघेवरून जायचं, मी मागे उभा राहून बोटं वर करणार. तिने उजव्या खांद्यावरून मागे बघून किती बोटं ते सांगायचं, आणि चाक रेघेवरच राहिलं पाहिजे. सोपं वाटतं, करून पाहा. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात, हातामागे हँडल, आणि जिथे बघायला गेलो तिथेच सायकल जाते. म्हणजे मागून गाडी येते का हे बघता बघता आपण तिच्याच पुढ्यात. पहिल्या दिवशी ती रेघ सोडून पार कडुनिंबापर्यंत गेली. मी करून दाखवायला गेलो, तर मीही रेघ सोडली. पंचावन्न वर्षं सायकल येते म्हणून सांगणारा माणूस! गोम अशी आहे की कोपर सैल ठेवायचं, हनुवटी खांद्याकडे न्यायची, आणि बघण्याआधी पायडल थांबवायचं नाही. आठ दिवसांत तिला जमलं. मला बारा लागले. मग त्याला हात दाखवणं जोडलं. आधी बघायचं, हात दाखवायचा, पुन्हा बघायचं, दोन्ही हात हँडलवर आणायचे आणि मगच वळायचं. हात दाखवला म्हणजे वळायचा हक्क मिळाला असं नसतं. तो अर्ज आहे, मंजुरी मागून येणाऱ्याने द्यायची असते. तो हळू झाला तर मिळाली, नाही तर आपण सरळ जायचं.

मे महिन्यात माझं एक प्रकरण झालं. नातीला न्यायच्या रस्त्याची पाहणी करायला एकटाच सायकल काढून निघालो होतो. लहानपणापासूनची सवय, 'कडेकडेने जा'. तसाच उभ्या मोटारींना खेटून चाललो होतो, आणि एका मोटारीचं दार उघडलं. उजवा खांदा, कोपर, चष्मा. दार उघडणारे गृहस्थ भले होते, त्यांनी पाणी दिलं, घरी पोचवतो म्हणाले. "काका, तुम्ही दिसलाच नाहीत," असं तीनदा म्हणाले. खरंच होतं ते, त्यांनी बघितलंच नव्हतं तर दिसणार कुठून! उभ्या गाड्यांपासून दार पूर्ण उघडेल एवढं, म्हणजे चांगलं मीटरभर अंतर ठेवायचं असतं. रिकामा रस्ता असला तरी अगदी काठ धरायचा नाही, हात-दीड हात आत राहायचं. काठाला गटाराच्या जाळ्या, खचलेलं डांबर, माती. शिवाय काठाला चिकटलेल्या सायकलीच्या बाजूने घुसायचा मोह वाहनांना होतो. थोडं आत राहिलं तर ती नीट वळसा घेऊन जातात. हॉलंडमध्ये मोटारीचं दार दाराकडच्या हाताने न उघडता पलीकडच्या हाताने उघडायला शिकवतात. करून पाहा, अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. आमच्या घरात आता सगळे तसंच उघडतात. चिरंजीवसुद्धा.

माझं कोपर बांधलेलं पाहून ठराव बारगळणार अशी मला भीती होती. सूनबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाबा, उद्यापासून मीपण येते मागे. स्कूटरवर." परीक्षकाला अभ्यासक्रम माहीत असावा म्हणून, असं वर कारण दिलं.

मग आम्ही तिघं रस्ता ठरवायला निघालो. पहिला मार्ग सातारा रस्त्यावरून स्वारगेट. तिथे सायकलमार्ग आहे. २००६ साली कात्रज ते स्वारगेट जलद बससेवा आली त्या वेळचा. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल, म्हणजे हा मार्ग सायकलींचा. तीच सायकल पांढऱ्या गोलात लाल कडा आणि तिरक्या पट्टीसकट दिसली तर अर्थ उलटा, सायकलींना बंदी. चित्र एकच, रंग बघायचा, हे नातीला शिकवलं. वेगळ्या मार्गावरही डाव्या बाजूने जायचं, चालणारा माणूस आला तर घंटा वाजवून हळू व्हायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं, मैत्रीण भेटली तर मार्गावर थांबून गप्पा मारायच्या नाहीत, आणि इमारतींच्या प्रत्येक फाटकाशी ब्रेकवर बोटं ठेवायची, कारण आतून बाहेर येणारा रस्त्याकडे बघत असतो, मार्गाकडे नाही.

हे झालं पुस्तकी. माझ्यातल्या जुन्या इन्स्पेक्शनवाल्याने वही काढून नोंद केली ती अशी. मध्यभागी उभारलेला विजेचा पेटारा. शहाळ्यांची गाडी. वाहनं येऊ नयेत म्हणून लावलेले खांब, इतके जवळ की सायकलचं हँडल जाईना, आणि पलीकडे उखडलेले, की टेम्पो जावा. निसटलेले पेव्हर ब्लॉक. बसथांब्याशी मार्ग अचानक संपतो आणि पुढे वीसेक पावलांवर पुन्हा सुरू होतो, मधल्या वीस पावलांत सायकलवाल्याने काय करावं याचा उल्लेख नाही. माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा हीच. सुरक्षित वाटणारा मार्ग संपतो आणि मूल न बघता रस्त्यावर येतं. म्हणून नियम केला, की मार्ग संपला की थांबायचं, एक पाय खाली, मागे नजर, मग रस्ता. काठाची उंच कड ओलांडायची तर चाक काटकोनात न्यायचं. तिरकं नेलं तर कड चाक पकडते आणि आपण आडवे.

आणि दुचाक्या! रहदारी तुंबली की स्कूटरवाले झुंडीने सायकलमार्गावर चढतात. मी तावातावाने नातीला सांगत होतो, की १९८९ च्या नियमावलीतच लिहिलंय, गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय चालकाने पदपथावर किंवा सायकलमार्गावर गाडी घालू नये. २०१७ ला नवे नियम आले, त्यांतही सायकलमार्गावर गाडी उभी करायला मनाई आहे. आपण कायदा मोडत नाही, ते मोडतात, तेव्हा... एवढ्यात मागून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मीपण जाते इथून."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"ऑफिसला उशीर झाला की. सगळेच जातात. मला वाटायचं रिकामाच तर असतो."

नात काही बोलली नाही. तिने फक्त आईकडे बघितलं. मला वाटतं, त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं. तोवर प्रश्न असा होता की मुलीला त्या रस्त्यावर सोडायचं का. आता तो रस्ता कुणाचा बनलेला आहे, हे कळलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, आठशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गांचा. त्याच सुमाराला भाड्याच्या नव्या कोऱ्या सायकली आल्या आणि दोन-एक वर्षांत दिसेनाशा झाल्या. यावर पुणेकर म्हणून मला बरंच बोलता येईल. पण उखडलेल्या खांबांमधून जाणारी एक स्कूटर आमच्याच पार्किंगमध्ये उभी असते, तेव्हा आवाज जरा बेताचाच निघतो.

अखेर सातारा रस्ता सोडला. मित्रमंडळ चौकाकडून, पर्वतीच्या पायथ्याजवळून, सारसबागेवरून टिळक रस्ता, हा मार्ग घेतला. मोठे चौक तिथेही आहेत. तिथे उजवीकडे वळायचं तर भर रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभं राहण्याची मुलांना गरज नाही. सिग्नलला सरळ जाऊन पलीकडचा कोपरा गाठायचा, तिथे सायकल वळवून उभं राहायचं, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सरळ निघायचं. दोन सिग्नल लागतात, एखादा मिनिट जास्त. आणि बस, ट्रक, टँकर यांच्या डाव्या अंगाला कधीही, कितीही मोठी फट असली तरी शिरायचं नाही. त्यांच्या मागेच उभं राहायचं, भले शाळेची घंटा होवो. हे सांगताना मी तिला मामांची गोष्ट सांगितली. हिरव्या सायकलची, पेढ्यांची आणि व्हाउचरचीसुद्धा. सूनबाईही ऐकत होत्या. तिने एवढंच विचारलं, "मामांना कुणी सांगितलं नव्हतं?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि अभ्यासात एक धडा वाढला. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. आधी हलके दाबून पाणी पुसून घ्यायचं, मग दाबायचं, आणि अंतर दुप्पट ठेवायचं. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, बसथांब्यासमोरचं सांडलेलं ऑइल यांवर वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही. खाली काय आहे ते महापालिकेलाही ठाऊक नसतं. रेनकोट पिवळा, त्याचं टोक चाकात जाणार नाही असा खोचलेला. मागे लाल दिवा, पुढे पांढरा. हेल्मेट मी घेऊन दिलं. सायकलला ते कायद्याने सक्तीचं नाही आणि हॉलंडमध्ये फारसं कुणी घालत नाही, पण हॉलंडमध्ये शहाळ्याची गाडीही आडवी येत नाही. (हेल्मेट या विषयावर पुण्यात चार माणसांत बोलू नये, म्हणून इथेच थांबतो.)

परीक्षा शाळा सुरू होण्याच्या आदल्या शनिवारी झाली. नात पुढे, मागे स्कूटरवर सूनबाई, आणि मित्रमंडळ चौकाच्या कोपऱ्यावर मी, कोपराला अजून पट्टी, हातात वही. रिमझिम होती. ती आली तेव्हा सिग्नल लाल होता आणि स्टॉपरेषेवर एक बस उभी होती. बसच्या डावीकडे चांगली ऐसपैस जागा होती. तिच्या मागून आलेला एक सायकलवाला त्या जागेतून सुळकन पुढे गेलाही. तिने त्याच्याकडे बघितलं, बसकडे बघितलं, आणि बसच्या मागेच, जरा मध्यात, एक पाय टेकून उभी राहिली. सिग्नल सुटला. बस निघाली. तिने उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी हात वर केला, पण तिचं लक्ष मागून येणाऱ्या रिक्षावर होतं. रिक्षा हळू झाली. ती निघाली.

सूनबाईंनी घरी आल्यावर कागद माझ्यासमोर ठेवला. शंभरापैकी ब्याऐंशी. घंटा एकदा उगाच वाजवली म्हणून पाच कापले होते, उरलेल्या तेरांचा हिशेब अजून मिळालेला नाही.